गादीवाल्यांनी घातलेलं लक्ष

शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या प्रत्येक मुलाला प्रकल्पासाठी एकेक व्यावसायिक मार्गदर्शक द्यायचा, असं मुख्याध्यापिकाबाईंनी जाहीर केलं आणि गादीवाल्यांनी त्याच दिवशी कोट इस्त्रीला टाकला. लेक यंदा शेवटच्या वर्षाला; तिला मार्गदर्शन करायला सख्ख्या बापापेक्षा लायक कोण? पण स्वतःच्या मुलाला मार्गदर्शन करायचं नाही, असा नियम निघाला. आणि लेकीच्या वाट्याला आले कोण, तर रस्त्यापलीकडचे खुर्चीवाले! त्यांच्या दुकानावरून जातानासुद्धा गादीवाले मान वळवून चालत.

“प्रकल्पात पास झाले नाही तर दाखला अडकेल,” लेकीनं बजावलं. “तेव्हा बाबा, तुम्ही यात लक्ष घालायचं नाही.”

“मी कशाला लक्ष घालतोय?” गादीवाले म्हणाले. (लक्ष घालण्यापूर्वी माणूस हेच म्हणतो.)

लेकीनं खुर्ची केली ती गुडघ्यांनी बेजार झालेल्या आत्यासाठी. बैठकीखाली स्प्रिंगा. बैठक दाबून खिट्टी लावायची, वर बसायचं, उठताना खिट्टी काढायची. खुर्ची माणसाला अलगद उभं करते. परीक्षेच्या आदल्या दुपारी ती तयार होऊन बाहेरच्या खोलीत आली. लेक शाळेत, बायको बाजारात, आत्या झोपलेली. गादीवाल्यांनी सवयीप्रमाणे बैठकीवर तळवा दाबला आणि ती लगेच खाली गेली. “हे कसलं स्प्रिंगकाम! पोरगी नापास होणार!”

ते स्वतः बसले, खिट्टी काढली. खुर्ची नुसती कण्हली. (गादीवाल्यांचं वजन सांगत नाही; पण त्यांच्या दुकानातली सर्वांत मजबूत गादी तेच बसून दाखवत.) मग त्यांनी दुकानातून डबलबेडच्या दोन जाडजूड स्प्रिंगा आणून आत बसवल्या. आता खुर्चीनं त्यांना फुलासारखं उचललं. गादीवाल्यांचे डोळे पाणावले. त्यांनी सगळा भार टाकून बैठक दाबली, खिट्टी लावली आणि साळसूदपणे पेपर वाचत बसले.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. परीक्षा घ्यायला खुद्द मुख्याध्यापिकाबाई. बाई अंगानं इतक्या किरकोळ की पंखा लावला तर पदर सांभाळावा की स्वतःला, असा प्रश्न पडावा. त्या बसल्या. लेकीनं नम्रपणे खिट्टी काढली.

बाई उठल्या. नुसत्या उठल्या नाहीत, निघाल्याच! त्या थेट पहिल्या रांगेत गादीवाल्यांच्या पोटावर येऊन आदळल्या. पोट मऊ होतं म्हणून निभावलं. गादीवाले तसेच उठू लागले.

“अहो, आधी त्यांना उतरू द्या!” बायको कुजबुजली.

 लेकीनं लगेच खुर्ची उलटी केली, आत पाहिलं. “मॅडम, दोन स्प्रिंगा जास्तीच्या आहेत. माझ्या नाहीत.”

“मग कोणाच्या?”

खुर्चीवाल्यांनी त्या स्प्रिंगांवर एक नजर टाकली आणि भल्या माणसासारखं छताकडे पाहिलं. आत्या मात्र मागून ओरडली, “शोधायचं काय त्यात? ज्याला सर्वांत जास्त घाम फुटलाय, त्याला विचारा!”

गादीवाले उभे राहिले. “मी बसवल्या. पोरगी नापास होईल म्हणून घाबरलो होतो हो! तिला काही करू नका.”

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं. रागाचं बोलणं तिच्या ओठांवर होतं, पण हसू आधी पोचलं. तिनं सगळ्यांसमोर दोन्ही स्प्रिंगा काढल्या आणि आत्याला बसवलं. आत्या इतकी अलगद उठली की कौतुकानं पुन्हा बसली, पुन्हा उठली. शेवटी तिला हाताला धरून बाजूला करावं लागलं.

“पास!” बाई म्हणाल्या. “भर परीक्षेत चूक शोधून दुरुस्त केली, याहून काय हवं?” मग त्या पदर सावरत गादीवाल्यांकडे वळल्या. “आणि पुढच्या वर्षी तुम्ही आम्हाला हवेच आहात.”

गादीवाल्यांची छाती फुगली. त्यांनी खुर्चीवाल्यांकडे एक कटाक्ष टाकला. “मार्गदर्शक म्हणून?”

“छे हो! परीक्षेच्या आदल्या दुपारी तुम्हाला प्रत्येक प्रकल्पापाशी थोडा वेळ एकटं सोडू. त्यातून जो वाचेल, तो पास.”