गोपिका बाद

दारासमोर चपलांचा ढीग दिसला आणि मारोतरावांनी करकचून ब्रेक दाबला.

सकाळची सावनेर गाडी डेपोत लावून ते नेहमीप्रमाणे सायकलीनं जेवायला घरी आले होते. एवढ्या चपला त्या दारात यापूर्वी एकदाच जमल्या होत्या. गेल्या पौषात, सुभद्रा गेली तेव्हा. त्यांनी सायकल भिंतीला न टेकवता तशीच सोडली. ती पडली, पायडल चपलांत अडकलं, आणि मारोतराव अनवाणी आत धावले.

आत बाया बसल्या होत्या. मनकर्णाबाई उंबऱ्यालगत, प्रयागबाई भिंतीला टेकून, बाकीच्या चुलीपर्यंत. तेव्हा बसल्या होत्या अगदी तशाच. कोणीतरी झाकून आणलेलं पिठलंसुद्धा त्याच कोपऱ्यात ठेवलं होतं. मनकर्णाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"जे झालं ते झालं, भाऊ. आता पोरीकडे पाहा."

"काय झालं माह्या पोरीले?"

"गोपिका बाद झाली गा!"

"बाद म्हणजे?"

"खो-खोतून. भोंग्यावर सांगितलं मास्तरणीनं. साऱ्या सक्करदऱ्यानं ऐकलं."

मारोतराव खाटेकडे वळले. पोरगी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि हुंदके देत होती, म्हणजे जिवंत होती. अर्धा मिनिट त्यांना फार बरं वाटलं. मग जो राग आला, तो बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

तसा राग त्यांना रोजच यायचा. सुभद्रा गेल्यापासून गाडीच्या गिअरचा यायचा, खिडकीतून थुंकणाऱ्या प्रवाशांचा यायचा, भाजीतल्या मिठाचा यायचा. सगळ्यात जास्त सुभद्रेचाच यायचा. मरायचं होतं तर मरायचं, पण पोरगी रडली की काय करायचं, एवढं तरी सांगून जायचं होतं.

"उठा साऱ्या," ते म्हणाले. "कोणी मेलं नाही इथं."

"असं बोलू नये, भाऊ. दुःख वाटून घ्यावं."

"पिठलं ठेवा आणि दुःख घेऊन जा."

बाया उठल्या. बाहेर आपापल्या चपला पायडलमधून ओढून काढताना अजून थोडी बोलणी झाली, ती मारोतरावांनी ऐकली नाहीत. ते खाटेजवळ उभे होते.

वर्षभर या घरात गोपिका कामापुरतंच बोलत होती. सकाळी उठायची, झाडायची, स्वयंपाक करायची. हसणं तिचं आईबरोबरच गेलं होतं. पण दोन महिन्यांपूर्वी शाळेत जबलपूरच्या नव्या ड्रिलमास्तरीण आल्या आणि त्यांनी पोरींचा खो-खोचा संघ बांधायला घेतला. तेव्हापासून पोरगी संध्याकाळी गुडघे फोडून यायची आणि जेवताना एखादी गंमत सांगायची. हसायची नाही, पण सांगायची. मारोतराव घास चावता चावता वाट पाहायचे, की आता हसेल, आता हसेल. आणि नेमकी तीच गोष्ट कोणा मास्तरणीनं भोंग्यावरून काढून घेतली होती.

"रडू नको," ते म्हणाले. "खेळ काय असते तो? पळायचं आणि बसायचं."

गोपिका जोरात रडायला लागली.

सुभद्रा अशा वेळी पोरीच्या डोक्याला तेल लावायची, हे त्यांना आठवलं. त्यांनी बाटली आणली. पण एसटीचं स्टिअरिंग फिरवणारा हात. अर्धी बाटली पोरीच्या कपाळावरून डोळ्यांत उतरली.

"बाबा, राहू द्या ना! डोळे जळून राहिले!"

"मंग मी काय करू? सांग, काय करू?"

"काही नका करू."

काही न करणं मारोतरावांना जमत नसे. ते तसेच, तेलकट हातांनी, शाळेकडे निघाले.

मुलींची शाळा दोन गल्ल्या पलीकडे होती. हेडमास्तरीण इंदुताई शिस्तीच्या. शाळेच्या बातम्या पालकांनाही कळाव्यात म्हणून त्यांनी भोंगा लिंबाच्या झाडावर मोहल्ल्याकडे तोंड करून बांधला होता. रोज प्रार्थना झाली की त्यावरून बातम्या सांगितल्या जात. भोंगा जुना होता. मागच्या दिवाळीनंतर त्यानं "उद्या शाळेला सुट्टी नाही" यातला शेवटचा शब्द गिळला आणि दुसऱ्या दिवशी एकही पोरगी शाळेत आली नव्हती. मग इंदुताईंनी तो दुरुस्तीला पाठवला. दुरुस्त झाला असं दुकानदार म्हणाला, आणि इंदुताईंनी ते मान्य केलं होतं.

"या, मारोतराव," इंदुताई म्हणाल्या. "तुम्ही येणार हे ठाऊक होतं."

"माह्या पोरीले काहून काढलं?"

"निवड ड्रिलच्या प्रेमिलाबाई करतात, मीही कार्यालयात बसून भोंग्यावरच ऐकलं. त्या इतवारीच्या बाजारात जर्सी आणायला गेल्या आहेत. पण मी तुम्हाला एक सांगू? मुलांना निराशा पचवायला शिकवणं हे पालकांचं काम आहे. याच विषयावर आपण मंगळवारी व्याख्यान ठेवलंय. अवश्य या."

"व्याख्यान?"

"दीड तासाचं आहे. शेवटी चहा."

मारोतरावांनी टेबलावर हात आपटला. तेलाचा पंजा हजेरीपटावर उमटला.

"माही पोरगी सकाळपासून उपाशी आहे, अन् तुम्ही मले चहा पाजून राहिल्या?"

"आवाज खाली घ्या. ही शाळा आहे, बसस्टॅंड नाही."

"बसस्टॅंडवर पॅसेंजरले उतरवायच्या आधी कारण सांगतो आम्ही!"

एव्हाना वर्गावर्गांतून पोरी खिडक्यांना लोंबकळल्या होत्या. शिपाई लहानू दारात उभा राहून दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता. इंदुताईंचा चेहरा लाल झाला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याशी असं कोणी बोललं नव्हतं, आणि मारोतरावांना तर असंच बोलता येत होतं.

"पटत नसेल तर दुसरी शाळा बघा," इंदुताई म्हणाल्या.

"पाहतो! द्या दाखला!"

"देते!"

"आत्ताच्या आत्ता द्या!"

"आत्ताच देते!"

खरं तर दाखला मिळायला आठवडा लागायचा. अर्ज, सही, शिक्का, पुन्हा सही. पण राग दोन्ही बाजूंनी असला की सरकारी कामंही भराभर होतात. इंदुताईंच्या टेबलावरचा चहा गार व्हायच्या आत मारोतराव खाकी खिशात पोरीचा दाखला घालून, छाती काढून फाटकाबाहेर पडले. लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं. कोणती, ते आठवत नव्हतं.

कोपऱ्यावर समोरून सायकलरिक्षा आली. रिक्षात लाल जर्स्यांचा गठ्ठा होता आणि गठ्ठ्यामागून प्रेमिलाबाई हात हलवत होत्या.

"अरे भाईसाब! गोपिकेचे बाबूजी ना आप? कुठे आहे ती? सकाळपासून वाट पाहून राहिली मी. परसों कन्हानला मॅच आहे, अन् कप्तानचाच पत्ता नाही!"

"कोण कप्तान?"

"गोपिका! तिची जर्सी अलग शिवली. हे पाहा, कॉलर पिवळी."

मारोतरावांनी पिवळ्या कॉलरकडे पाहिलं.

"तिले तर बाद केलं तुम्ही."

"बाद? किसने कहा?"

"तुम्हीच! भोंग्यावर! गोपिका बाद!"

"गोपिका बाद में!" प्रेमिलाबाई ओरडल्या. "बाद में, म्हणजे नंतर! टीमची नावं वाचली तेव्हा ती लाईनमध्ये नव्हती, लेट होती. मी म्हटलं, कप्तानचं नाव ती समोर आल्यावर सांगू. इसलिए बोली, गोपिका बाद में!"

"मंग 'में' कुठं गेलं?"

"मैंने तो बोला था!"

दोघांनीही एकदम लिंबाच्या झाडाकडे पाहिलं. भोंगा आ वासून मोहल्ल्याकडे बघत होता.

गोपिका प्रार्थनेला लेट का होती, हे मारोतरावांना विचारावं लागलं नाही. बाबांना दुपारी ताजी भाजी लागते म्हणून ती रोजच लेट असायची. घरात चुलीपुढं बसून तिनंही भोंगाच ऐकला होता. त्यांना भाजीचा राग आला. मग स्वतःचा आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना, म्हणून त्यांनी रिक्षावाल्याला विनाकारण "बाजूनं चालव ना गा!" म्हटलं. रिक्षा उभीच होती.

दोघं शाळेत परतली तेव्हा इंदुताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गैरसमज झाला खरा," त्या म्हणाल्या. "पण दाखला दिला की विद्यार्थिनी शाळेची राहत नाही. जी शाळेची नाही, ती शाळेच्या संघात नाही."

"दाखला वापस घ्या मंग." मारोतरावांनी खिशातून काढून पुढं केला. त्याला तेल लागलं होतं.

"घेईन. तुम्ही सगळ्या शाळेसमोर बोललात. उद्या प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर माफी मागा. भोंग्यावर. मी तिथंच हा दाखला फाडते."

मारोतरावांनी जन्मात माफी मागितली नव्हती. गाडी नाल्यात घातली तेव्हाही नाही. सुभद्रेचीही नाही, तिची मागायची राहिली होती ती राहिलीच.

घरी गोपिका उठून बसली होती. त्यांनी तिला सगळं उभ्या उभ्याच सांगितलं. कप्तान म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. दाखला म्हटल्यावर विझला. मारोतराव आता तिच्या रडण्याची वाट पाहत उभे राहिले, पण ती रडली नाही. ती बापाकडे पाहत राहिली. शेवटी बाप खाटेच्या कडेवर बसला, मुठी वळून, मान खाली घालून.

"बाबा, जेवले का तुम्ही?"

"नाही."

तिनं बायांनी ठेवलेलं पिठलं गरम केलं. दोघं जेवली. मग तिनं उरलेली अर्धी बाटली आणली आणि बापाच्या डोक्याला तेल लावायला घेतलं. थोडं थोडं, आई लावायची तसं.

"तीनच वाक्यं बोला," ती म्हणाली. "जास्ती बोलले तर भांडण कराल. म्हणा, मी बाईले जे बोललो ते बरोबर नव्हतं."

"मी बाईले जे बोललो ते बरोबर."

"नव्हतं!"

"ते येते ना शेवटी."

"शेवटी आलंच पाहिजे, बाबा. दुसरं. मी पुन्हा असं बोलणार नाही. तिसरं. बाईवर माहा राग नाही."

मारोतरावांनी घोकलं. 'नाही' म्हणताना जीभ अडायची. पोरगी पुन्हा म्हणवून घ्यायची. झोपेपर्यंत त्यांची तिन्ही वाक्यं शेपटीसकट पाठ झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्यूटी बदलून घेतली आणि भाकरी स्वतःच थापल्या. त्या जळल्या, पण पोरगी प्रार्थनेला वेळेवर पोचली. इंदुताई दाखला हातात घेऊन व्हरांड्यात उभ्या होत्या. मोहल्ल्यात बायापुरुष ओट्यांवर येऊन बसले होते. मारोतराव हेडमास्तरणीला भर शाळेत भिडले ही बातमी भोंग्याशिवायच पसरली होती.

मारोतरावांनी माईक गच्च धरला. शेवटचा शब्द विसरायचा नाही, एवढंच डोक्यात होतं.

"मी बाईले जे बोललो ते बरोबर नव्हतं," ते स्पष्ट म्हणाले.

"मी बाईले जे बोललो ते बरोबर—" भोंगा गरजला आणि खरखरला.

ओट्यांवर कुजबुज झाली. इंदुताईंना जवळून सगळं नीट ऐकू आलं होतं. त्यांनी समाधानानं मान हलवली.

"मी पुन्हा असं बोलणार नाही!"

"मी पुन्हा असं बोलणार—"

ओट्यांवरून कोणीतरी शिट्टी मारली. रांगेत पुढं, पिवळ्या कॉलरच्या जर्सीत, गोपिका उभी होती. तिला दोन्ही ऐकू येत होतं, बाबांचंही आणि भोंग्याचंही. तिचे खांदे हलायला लागले. मारोतरावांना वाटलं, रडते. ते घाबरले, आणि घाबरून अंगातला सगळा जोर तिसऱ्या वाक्यात घातला.

"बाईवर माहा राग नाही!"

"बाईवर माहा राग—" भोंग्यानं सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत सांगितलं.

गोपिका फुटली. पोटावर हात धरून, वाकून, सगळ्या रांगेसमोर ती हसली. तोंडावर आडवा हात धरून, सुभद्रा पदर धरायची तसा. मारोतराव माईक हातात घेऊन पाहत राहिले. आपल्याला राग यायला हवा असं त्यांना वाटलं. तो आला नाही.

इंदुताईंनी दाखला फाडला. "मनापासून बोललात, मारोतराव," त्या म्हणाल्या.

फाटकाबाहेर लोकांनी त्यांना घेरलं. "वा गा भाऊ! तोंडावर सुनावलं बाईले!" मारोतरावांनी खरं सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं आणि सायकलीवर टांग टाकली.

संध्याकाळी ते डेपोतून घरी येत होते. इंदुताईंच्या घरासमोर त्यांनी सायकल हळू केली. दारात चपलांचा ढीग होता. आत मनकर्णाबाई उंबऱ्यालगत बसल्या होत्या, पिठल्याचं भांडं कोपऱ्यात झाकून ठेवलं होतं, आणि काय झालंय हे इंदुताईंना अजून कोणी सांगितलं नव्हतं.

"जे झालं ते झालं, बाई," मनकर्णाबाई पदर डोळ्यांना लावून म्हणत होत्या. "आता स्वतःकडे पाहा."