खोबरेल पडताळणी समितीचा एकमुखी ठराव

उदाराम यांच्या डोक्यावरचे केस गेले, ही घटना दवनीवाड्याच्या पुढच्या त्या गावात बरीच वर्षं कोणाच्या लक्षात आली नव्हती. उदाराम राइस मिलमध्ये कामाला. डोक्यावर बाराही महिने धानाचा कोंडा. कोंड्याखाली केस आहेत की नाहीत, याची चौकशी करण्याचं कोणाला कारण नव्हतं.

पण मुलाचं, म्हणजे बंटीचं, लग्न ठरलं. साक्षगंधाला गोंदियाहून फोटोवाला आला आणि म्हणाला, "काकाजी, जरा टोपी निकालो." टोपी निघाली. फोटोवाल्याने एकदा कॅमेऱ्यात पाहिलं, मग आपला दिवा बंद केला आणि म्हणाला, "अब लाइट की जरूरत नहीं." त्या दिवसापासून उदाराम जेवेनासे झाले.

त्यांची बायको निर्मलाबाई. ही बाई रोखठोक. "केस गेले तं गेले. धान तं पिकला नं यंदा? मंग कायले तोंड पाडून बसता?" असं म्हणून तिने विषय संपवला. ग्रामसभेतही तिचं असंच. गावतलावाचा गाळ कधी काढणार, हा एकच प्रश्न ती दर ग्रामसभेत विचारायची, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसायची नाही. तलावावर निम्म्या गावाचं धान होतं, सगळ्या गावाची ढोरं होती आणि ढिवर मोहल्ल्याची जाळी होती. सरपंच केशोरावांना रक्तदाबाची गोळी ग्रामसभेच्या आदल्या दिवशीच सुरू करावी लागे.

उदारामना उपाय सांगितला तो केशोरावांच्या सुनेने. रचना तिचं नाव. नागपूरची मुलगी. समग्र आरोग्याचा अभ्यासक्रम तिने मोबाइलवरून पूर्ण केला होता आणि ते प्रमाणपत्र बैठकीत देवांच्या रांगेत लावलेलं होतं.

"खोबरेल तेल, काकाजी," ती म्हणाली. "केस, त्वचा, गुडघे, साखर, स्मरणशक्ती. सगळ्याला एकच."

"एकाच तेलानं?" उदारामनी विचारलं.

"हे तेल नाहीच आहे, काकाजी. सुपरफूड आहे."

गाव जवसाच्या तेलावर वाढलेलं. त्यामुळे ज्या वस्तूचं झाड पंचक्रोशीत कोणी पाहिलेलं नाही, ती गुणकारी असणार यावर गावाचा चटकन विश्वास बसला. उदारामनी डोक्यावर तेल चोळायला सुरुवात केली. थंडीत तेल गोठायचं, म्हणून ते गोळा टाळूवर ठेवून उन्हात बसायचे. गोळा वितळायचा, कानामागून उतरायचा, मुंग्या यायच्या. केस तेवढे येत नव्हते.

"आतून घ्या," रचना म्हणाली.

त्यांनी आतून घेतलं. दोन दिवस ते लोटा घेऊन वावराच्या वाटेवरच होते.

"शरीर शुद्ध होतंय," रचना म्हणाली.

तोवर अर्धं गाव शुद्ध होऊ लागलं होतं. तेव्हा निर्मलाबाई पंचायतीत गेली आणि सरपंचाच्या टेबलावर बाटली आपटून म्हणाली, "केशोरावभाऊ, तुमची सून सांगून राहिली आन् माहा माणूस लोटा घेऊन पळून राहिला. या तेलानं फायदा होते का नाही, एकदाचं सांगून टाका!"

प्रश्न तलावाचा नाही हे ऐकून केशोरावांना इतका आनंद झाला की त्यांनी जागेवरच समिती नेमली. खोबरेल परिणाम पडताळणी समिती. अध्यक्ष ते स्वतः, तज्ज्ञ सदस्य रचना, सचिव ग्रामसेवक घनश्याम. घनश्याम हे सरळमार्गी गृहस्थ होते. वरून जे येईल ते खाली लिहायचं आणि खालून जे येईल ते लिहायचं नाही, एवढं साधं त्यांचं धोरण होतं.

समितीने शास्त्रीय पद्धतीने काम केलं. उदारामना खुर्चीत बसवून त्यांची टाळू तपासली. केसांची वाढ : निरंक. परंतु केसगळतीही निरंक. सबब हे तेल केसगळती पूर्णपणे थांबवतं, असा निष्कर्ष निघाला.

"पण गळाले डोक्यावर केसच कुठं हायेत!" निर्मलाबाई म्हणाली.

"वयनी, कारणमीमांसा समितीच्या कार्यकक्षेत नाही," घनश्याम म्हणाले.

ज्यांनी तेल प्यायलं त्यांचं वजन घटलं होतं, कारण त्यांना अन्नाकडे पाहवत नव्हतं. वजनाचा दावा सिद्ध. चेहऱ्यावर चमक होती. ती हाताला लागत होती, पण होती. सौंदर्याचा दावा सिद्ध. खरा गुण एकाच ठिकाणी आला होता. निर्मलाबाईच्या भेगाळलेल्या टाचा तेलाने खरोखरच मऊ पडल्या होत्या. तिने त्या प्रामाणिकपणे दाखवल्या. पण टाचांचा दावा कोणी केलेलाच नव्हता, म्हणून समितीने तिकडे पाहण्यास नकार दिला.

यानंतर रचनाने पुढची पायरी सांगितली. सकाळी उठल्याबरोबर तेल तोंडात घ्यायचं आणि ऊन अंगणात उतरेपर्यंत खळखळत ठेवायचं. दात, हिरड्या, डोकं, मन, सगळं साफ. मात्र मध्येच थुंकलं तर सगळं विष रक्तात परत जातं. आणि गिळलं तर? त्या प्रश्नावर रचनाने नुसते डोळे मिटले.

गावाने तोंडात तेल घेतलं. सकाळी सासू-सुनांची भांडणं बंद झाली. एसटीत कंडक्टरने "कुठं?" विचारलं की लोक हनुवटीने दिशा दाखवत. निर्मलाबाईची दाढ ठणकत होती, म्हणून तिनेही धरलं. आणि खरंच तिला दोन-चार दिवस बरं वाटलं. घरात बोलणारं कोणी नव्हतं आणि भांडायला आपलंही तोंड मोकळं नाही, याची तिला गंमत वाटली. मनःशांतीचा दावा समितीने सर्वात मोठ्या अक्षरांत सिद्ध केला.

ही शांतता केशोराव ओट्यावर बसून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांना एक कल्पना सुचली. सरपंचपदाच्या कारकिर्दीतली ही त्यांची पहिलीच कल्पना होती.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा यंदा झेंडावंदन होताच, भल्या सकाळी ठेवली गेली. दरवर्षी दारात बुंदी वाटत. यंदा बुंदीऐवजी, सार्वजनिक आरोग्याच्या शीर्षाखाली, गोठलेल्या तेलाची एकेक गोळी वाटली. देशाचा सण असल्याने कोणी नाही म्हटलं नाही. लोकांनी गोळ्या तोंडात टाकल्या आणि पंचायतीच्या नव्याकोऱ्या फरशीवर मांडी घालून बसले. भिंतीवर पाटी होती : थुंकणाऱ्यास दंड.

घनश्यामनी वाचायला सुरुवात केली. "गावतलाव, सुशोभीकरण व मत्स्यविकासासाठी, पुढील तीस वर्षं..." इथे त्यांनी केशोरावांच्या मेहुण्याचं नाव घेतलं. "यांच्या ताब्यात. तलावास तारेचं कुंपण राहील. जनावरं आणि जाळी यांना प्रवेश नाही, पाटाला पाणी नाही. ज्यांची हरकत असेल त्यांनी तोंडी नोंदवावी. लेखी हरकतीची मुदत कालच संपली."

सभागृहातून "हूं? हूंहूं!" असा मोठा आवाज उठला.

"हुंकार म्हणजे होकार," केशोराव म्हणाले. "लिवा, घनश्याम."

निर्मलाबाई ताडकन उठली. तोंड गच्च भरलेलं. तिने दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले.

"निर्मलाबाई यांनी दोन्ही हात उंचावून दुहेरी पाठिंबा दिला," घनश्यामनी लिहिलं.

ती दाराकडे धावली, तर दारात माणसं बसलेली. खिडकीला मच्छरजाळी. खाली फरशी, वर पाटी. तिने नवऱ्याकडे पाहिलं. याच तलावाच्या पाण्यावर त्यांचं सारं धान होतं. तिने डोळे मिटले आणि सगळं तेल एका घोटात गिळलं.

"हरकत हाये माही!" ती ओरडली. "तलाव गावाचा हाये! तुह्या साळ्याचा नाही, केशोरावभाऊ!"

"वयनी, ठराव केव्हाच मंजूर झाला," घनश्याम अदबीने म्हणाले. "सध्या आभारप्रदर्शन चालू आहे. आभाराला हरकत घेता येत नाही."

"अजी, तुमी तरी बोला!"

उदारामचे डोळे भरून आले. त्यांना बोलायचं होतं. पण लग्न तोंडावर आलेलं, आणि कालच आरशात टाळूवर त्यांना काहीतरी काळसर दिसलं होतं. त्यांनी एका हाताने तोंडाकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने टाळूकडे, आणि मान खाली घातली.

निर्मलाबाई मग खाली बसली. उत्तर न मिळताच.

सभा सुटली. ऊन अंगणात उतरलं होतं. सगळं गाव बाहेर निंबाखाली जाऊन एकसाथ थुंकलं आणि एकसाथ बोलू लागलं.

"काय झालं गा?" ढिवर मोहल्ल्याच्या दुधरामने विचारलं.

"तलाव गेला," शेजारचा म्हणाला.

"मंग तू काऊन नाही बोलला?"

"माह्या तोंडात तेल होतं. तू काऊन नाही बोलला?"

"माह्याबी."

"मंग ठीक हाये," शेजारचा म्हणाला. आपल्यापैकी कोणाचीच चूक नाही, हे पाहून सगळ्यांना हलकं वाटलं. उलट निर्मलाबाई मध्येच ओरडल्याने दोघातिघांना ठसका लागून तेल गिळलं गेलं होतं. ते तिच्यावर नाराज झाले.

ती वरच्या कार्यालयात तक्रार घेऊन गेली. मोठे साहेब सकाळचे नुकतेच येऊन बसले होते. तिने सगळं सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं, एक बोट वर करून थांबण्याची खूण केली आणि गाल डावीकडून उजवीकडे फुगवले.

पंधरवड्यात कुंपण उभं राहिलं. उन्हाळी धान वाळलं. उदाराम मिलमध्ये आता रात्रपाळीही करतात. दुधराम जाळी विकून तिरोड्याला मजुरीला जातो. गावाला मात्र शांततेबद्दल मोठं बक्षीस मिळालं, आणि तेव्हापासून पाहुण्यांची रीघ आहे. शिकलेली माणसं येतात, वर्तमानपत्रवाले येतात, पुस्तकं लिहिणारे येतात. निर्मलाबाई प्रत्येकाला कुंपणापाशी नेते, तारेपलीकडचं पाणी दाखवते आणि पहिल्यापासून सगळं सांगते. माणसं मान हलवतात, हळहळतात, फोटो काढतात. आणि जाताना, गाडीत बसता बसता, जरा आवाज खाली आणून विचारतात, "काकू, पण तेल कोणतं होतं? लाकडी घाण्याचं?"

तुमच्याही मनात हेच आलं असणार, म्हणून तिचं उत्तर इथे जसंच्या तसं देतो.

"पहिले तोंडातलं थुका, बापू. मंग विचारा."