नाना आणि कावळा

"मेली! सूनबाई, मेली!" असं ओरडत नाना आमच्या ओसरीवर चढले, तेव्हा आम्हाला मेहकरात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. माझी बायको सुमन पिठाच्या हातांनी तशीच बाहेर धावली. मी टोपी शोधू लागलो. शेजारी कोणी गेलं की आधी हजर व्हावं, एवढं कारकुनालाही कळतं.

"कोण मेली हो?" सुमननं घाबरून विचारलं.

"जिलबीची इच्छा!" नानांनी मिशीला लागलेला पाक पुसला आणि ऐसपैस मांडी घातली. "चार दिवसांपासून जीव खाऊन राह्यली होती. आज बाजारात उभ्यानं पोटभर खाल्ली. मेली! आता मी मराले मोकळा."

आता अशा माणसाच्या शेजारी बिऱ्हाड केलं म्हणजे आमचं नशीबच म्हणायचं! मला वाटलं, म्हाताऱ्याला मरायची घाई झाली आहे. तसं काही नव्हतं. नानांना मरायची घाई नव्हती, मरणाच्या तयारीची हौस होती. लोक मुलीच्या लग्नाची करतात, तशी.

नदीकाठी त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. बायको, गोदाकाकू, जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी इंदू चिखलीला दिलेली. मळा पुतण्या पाहायचा आणि नाना परलोक पाहायचे. त्यांचा सगळा परलोक एका कावळ्यावर उभा होता. पैनगंगेच्या घाटावर दहाव्याला पिंड ठेवतात. कावळा शिवला, की आत्मा सुटला. नाही शिवला, तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलेलं आहे. मग नातेवाईक हात जोडून एकेक कबूल करत सुटतात. एवढं करूनही कावळा ढिम्म राहिला, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि उन्हं चढायच्या आत घरी येतात. "पन ते आपलं समाधान," नाना म्हणायचे. "त्या जीवाले राह्यलेल्या इच्छेसाठी फिरून जलमाले या लागते. म्हून सांगतो, भाऊ, बाकी ठेवू नोका."

हे 'बाकी ठेवू नोका' त्यांच्या तोंडात सदा असे.

आत्म्याचंही त्यांनी मला एकदा समजावलं होतं. "मले पाहा ना. याच खाटेवर बसून माह्ये चार जलम झाले. वऱ्हाडात होतो, मंग मध्यप्रदेशात गेलो, मंग मुंबई राज्यात, अन् आता महाराष्ट्रात. खाट हालली नाई, मी हाललो नाई. वरची पाटी तेवढी बदलली. आतल्याचं तसंच हाये."

"पण नाना, मोठमोठे लोक तर इच्छा मारा म्हणतात."

"मी तरी काय म्हनतो? पन उपाशी ठेवून ते मरते काय? उलटी बोकांडी बसते. तिले खाऊ घालून मारा!"

अशा किती इच्छा त्यांनी खाऊ घालून मारल्या! साठी उलटल्यावर सायकल शिकले आणि कचेरीच्या कुंपणात शिरले. जत्रेत पाळण्यात बसले, आणि पाळणा वर गेला की पागोटं घट्ट धरून "मेली, मेली!" असं ओरडत राहिले, तेव्हा खालच्या बायांनी छाती बडवायची बाकी ठेवली होती. एकदा तर यष्टीच्या ड्रायव्हरला गूळ लावून त्यांनी चिखलीच्या गाडीचा भोंगा वाजवला. मन भरेपर्यंत वाजवला. गाडी सुटली असं वाटून स्टँडासमोरच्या हॉटेलातली सगळी गिऱ्हाईकं अर्धे कप टाकून पळाली. हॉटेलवाला शंकर खवळून रस्त्यावर आला, पण नानांचा खुललेला चेहरा पाहून त्यालाच हसू फुटलं.

"जाऊ द्या, नाना," तो म्हणाला. "या आत, चा घ्या."

नाना पायरीखालीच थबकले. आमच्या घरी तांब्याभर चहा रिचवणारा हा माणूस हात जोडून म्हणाला, "हाटेलात बसून मी घेत नाई."

मला वाटलं, सोवळं असेल. पण बाजारात उभ्यानं जिलबी खाणाऱ्याला कसलं आलंय सोवळं? मी विचारलं, तर ते एकदम वांग्यावरच्या किडीबद्दल बोलू लागले.

आणखी एक खोड होती. गल्लीतली कोणतीही बाई दिसली, की ते विचारत, "तुले काय पाह्यजे? मनात ठेवू नोको, सांगून टाक." बायांना हे आवडे. नवरे मात्र नाना दिसले की रस्ता बदलत. सुमननं त्यांच्यासमोर बिनदिक्कत सांगितलं, "मला रेडिओ पाहिजे." झालं! रेडिओ घरी येईपर्यंत त्या माणसानं माझं खाणंपिणं गोड लागू दिलं नाही.

मग एक दिवस नाना मळ्यातच चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं. मी भेटायला गेलो आणि थट्टेत म्हटलं, "आता काय राहिलं, नाना? सांगा, आणून देतो."

"येक हाये," ते म्हणाले. "पन ते राहू द्याची."

मी पाहतच राहिलो. बाकी ठेवू नोका म्हणून गावाचं डोकं उठवणारा हा माणूस!

"गोदानं जलमभर काई मांगतलं नाई," नाना हळूहळू सांगू लागले. "येकडाव आम्ही स्टँडावरून येऊन राह्यलो होतो. शंकरच्या बापाचं हाटेल होतं तवा. कचेरीतला येक बाबू अन् त्याची बायको खुर्चीवर समोरासमोर बसून चा पीत होते. गोदा म्हने, आपन बी बसू ना असं. मी म्हनलं, येडी झाली काय? लोक हासतील."

त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"तिच्या दहाव्याले कावळा येईना. मी काय काय नाई कबूल केलं! इंदूचं लगन चांगलं करीन, दुसरी बायको करनार नाई, तुह्यी गाय इकनार नाई. कावळा आपला पिंपळावर बसून पाह्यत राह्यला. मले ठाऊक होतं, भाऊ, त्याले काय आयकाचं हाये. पन चार मानसांत, बायकोले हाटेलात नेतो, असं म्हनाची मले लाज वाटली. दर्भाचा कावळा केला अन् घरी आलो."

मी त्यांच्या उशाशी सरकलो.

"आता गोदा फिरून येईन, येक कप चा साठी. मी समदं संपवून मोकळा होऊन गेलो, तर ते येकलीच बसन ना तिथं? म्हून म्या तीच इच्छा राखली. तिची तेच, माह्यी तेच. दोघाले येकाच कामासाठी या लागन." मग माझा हात धरून म्हणाले, "माह्या दहाव्याले घाटावर तोंड उघडू नोका. कावळ्याच्या कानावर गेलं की झाली गडबड."

नाना गेले. दहाव्याला घाटावर सारा गाव लोटला. पुतण्यानं पिंड ठेवले आणि कावळा समोरच्या पिंपळावर येऊन बसला. बसला तो बसलाच. मळा नीट सांभाळतो, पुतण्या म्हणाला. वर्षश्राद्धाला गावजेवण घालतो, जावई म्हणाले. कोणी जिलबीसुद्धा आणून ठेवली. कावळ्यानं मान वाकडी करून पाहिलं आणि पाठ फिरवली. लोक हळहळत होते आणि मला मात्र आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"कोनाले काई ठाऊक असन तर बोला," विधी सांगणारे महाराज म्हणाले. मी ओठ घट्ट मिटले. पण मग इंदूकडे लक्ष गेलं. ती पदर तोंडात कोंबून रडत होती. "माह्या बाबाचा जीव कायच्यात राह्यला वो?" असं ज्याला त्याला विचारत होती. शेवटी मी तिच्याजवळ गेलो आणि कावळ्याला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू तिच्या कानात सगळं सांगितलं.

इंदूनं माझ्याकडे पाहिलं, मग पिंपळाकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी असतानाच खुदकन हसली.

"महाराज, दर्भाचा करा," ती म्हणाली. "त्याले नोका बोलावू. बाबाले वापस याचं हाये."

घरी आल्यावर अंघोळ केली आणि सुमनला सगळं सांगितलं. संध्याकाळी मी तिला म्हटलं, "चल, शंकरच्या हॉटेलात." ती लगेच नवं लुगडं नेसली. आम्ही खिडकीजवळच्या टेबलाशी खुर्च्यांवर समोरासमोर बसलो. चार डोकी वळली, कोणीतरी फिदीफिदी हसलं. खोटं कशाला बोलू, माझे कान तापले. पण सुमननं बशीत चहा ओतला आणि निवांत फुंकर घातली.

तेवढ्यात मोताळ्याकडचा एक पाहुणा आला आणि आमच्या टेबलाच्या उरलेल्या दोन खुर्च्यांना हात घालून म्हणाला, "या दोन खुर्च्या रिकाम्या हायेत काय?"

"नाही, भाऊ," सुमन म्हणाली, "आमची माणसं यायची आहेत."

"कवा?"

"येतील की. काय घाई आहे?"