व्याह्यांचा बिबट्या

"घे रे बाप्पा, अजून एक वाटी! आमच्या घरून कोणी अर्धपोटी जात नाही," म्हणत शेषरावांनी आमरस ओतला. तो व्याह्यांच्या नव्हे, व्याह्यांच्या ड्रायव्हरच्या ताटात. होणारे व्याही दौलतराव ठेकेदार बाजूच्या पाटावर केव्हाचे ढेकर देत होते. कारकुनाचा पगार, भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या सेक्टरमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर, आणि एकुलत्या एका लेकीची, साधनाची सोयरीक थेट ठेकेदाराच्या घरात. अशा वेळी मुलीचा बाप व्याह्यांच्या कुत्र्यालाही पान वाढतो. नत्थू ड्रायव्हर "साहेब, जीपमध्ये माल आहे, मी तिथंच बसतो" म्हणत होता, पण शेषराव कसले ऐकतात! दंडाला धरून त्याला आत आणला. आग्रहाच्या वाट्या रिचवून नत्थू बैठकीत आडवा झाला आणि घोरू लागला.

"माल कसला हो?" शेषरावांनी सुपारी पुढे करत सहज विचारलं.

"बिबट्या," दौलतराव म्हणाले. "अहिवाऱ्याच्या खदानीत पिल्लू भेटलं होतं, हौसेनं पाळलं. आता साला कायदा आडवा येऊन राहिला. म्हणून मेव्हण्याच्या शेतावर नेऊन ठेवतो."

शेषरावांच्या हातातली सुपारी तिथंच थांबली. "आमच्या मागच्या गल्लीत बिबट्या उभा आहे?"

"घाबरता कायले? माणसाळलेला आहे. काही करत नाही तो."

तरी शेषराव मागच्या दारानं बघायला गेले. जीपवरची ताडपत्री खाली पडली होती. पिंजऱ्याच्या कडीला कुलूप नव्हतंच, सुतळी होती, आणि ती तुटून लोंबत होती. आत कोणी नव्हतं. शेषराव ओरडणार, तोच मागून दौलतरावांचा जाडजूड पंजा त्यांच्या तोंडावर बसला.

"बोंबलू नका! पोलीस केस होईन. नत्थूले उठवतो, आम्ही गुपचूप धरतो त्याले. तुमच्या तोंडून शब्द निघाला तर सोयरीक मोडली समजा!"

नत्थूला उठवलं. काय झालं ते कळताच तो पुढच्या दारानं जो पळाला, तो थेट पोलीस ठाण्यात जाऊन थांबला. दौलतराव घरात शिरले आणि तिथंच राहिले. शेषराव एकटे बाहेर, पुढच्या दाराशी. पहिली पाळी सुटायची वेळ झालेली, आता गल्ली सायकलींनी भरणार, पोरं खेळायला निघणार. सांगावं तर पोरीचं लग्न जातं, न सांगावं तर कुणाचं तरी लेकरू जातं! शेषरावांचा जीव टांगणीला लागला. मग त्यांनी कारकुनाला सुचावा तसा मधला मार्ग काढला.

"पिसाळलेलं कुत्रं फिरून राहिलं हो! दारं लावून घ्या!"

दार कोणीच लावलं नाही. समोरचे बाबाराव मच्छरदाणीचा दांडा घेऊन बाहेर आले, त्यांच्यामागे अख्खी गल्ली लाठ्याकाठ्या घेऊन हजर.

"कुठं आहे? दाखवा, आत्ता निपटवतो!"

"गेलं हो, गेलं! मागच्या गल्लीत जाऊ नका फक्त!"

झालं! सगळे मागच्या गल्लीकडेच धावले. शेषराव रडकुंडीला येऊन त्यांच्या मागे धावले. "अरे, गॅस! कारखान्याकडून गॅस येऊन राहिला! घरी पळा!"

पण गॅस म्हटल्यावर घरात कोण थांबतं? गॅस आला की मोकळ्यावर यायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. घराघरांतून बाया लेकरं काखोटीला मारून निघाल्या. बाबारावांची बायको कलावतीबाई नातवाला घेऊन मागच्या गल्लीतल्या भिंतीच्या सावलीत येऊन टेकली. शेषरावांनी वर पाहिलं. भिंतीवर, तिच्या डोक्याच्या जरा वर, ठिपक्याठिपक्यांची एक शेपटी सावकाश हलत होती.

शेषरावांना मग ना साधना आठवली, ना सोयरीक. "बिबट्या! कलावतीबाई, पळा! दौलतरावचा बिबट्या सुटला!"

क्षणात गल्ली रिकामी. लाठ्या तिथंच पडलेल्या, दारं धडाधड बंद. बिबट्यानं भिंतीवरून खाली उडी टाकली आणि शेषरावांकडे पाहिलं. शेषराव भिंतीला पाठ घासत आपल्या मागच्या दारापर्यंत आले. दार आतून बंद!

"उघडा! अहो, उघडा!"

"उघडू नका!" आतून दौलतराव ओरडले. "आत येईन तो!"

"काही करत नाही म्हणाले होते न तुम्ही?"

"पिंजऱ्यात काही करत नाही!"

आत झटापट झाली, कडी वाजली. साधनानं बापाला सदऱ्याला धरून आत ओढलं आणि दार लोटलं. दुसऱ्याच क्षणी बाहेरून नखं दारावर फिरली. शेषरावांची बायको सुशीला देवाचं नाव घेत कोपऱ्यात बसली. दौलतराव पलंगावर चढून उभे होते. भीतीनं पांढरे पडले होते, तरी ऐट सुटली नव्हती.

"भर गल्लीत माझं नाव घेतलं तुम्ही! सोयरीक मोडली!"

एरवी शेषराव त्यांच्या पायांवर लोळले असते. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या हातावर दौलतरावांच्या बोटांचे वळ उठले होते.

"बाबा, हे मले कडी काढू देत नव्हते," ती म्हणाली. "मले नाही जायचं यांच्या घरी."

शेषराव उठले. आवाज असा निघाला की त्यांनाच नवल वाटलं. "मोडायचा मान तुमचा नाही, दौलतराव. मुलीकडून नकार आहे! सगळ्या भिलाईले सांगीन मी!"

दार पुन्हा करकरलं. दौलतरावांनी पलंगावरूनच हात जोडले.

"बरं, बरं, नकार तर नकार," ते कुजबुजले. "पण हळू बोला हो. तो ऐकून राहिला."