एक नंबरचं मेटल

“बंद कर रं ते! म्हशीनं पान्हा चोरला!” त्याची आई बायडाबाई गोठ्यातून ओरडली आणि कपिलनं टेपचं बटण दाबलं. निकाल अगदी ओठांवर आला होता. फिनलंडचं पहिलं की जर्मनीचं पहिलं, हा प्रश्न दोन हजार दोनच्या दिवाळीत रहिमतपूरच्या अख्ख्या पंचक्रोशीत फक्त त्यालाच पडलेला.

सांगलीला आयटीआयच्या होस्टेलवर अनीश नावाच्या दोस्तानं त्याच्या कानाला एकदा वॉकमन लावला, आणि पोरगं तिथंच कामातून गेलं. आधी गिटारांचा गडगडाट, त्यामागून शंभर वाजवणाऱ्यांचा ताफा, आणि या सगळ्याच्या वरून एक बाई अशी गायची, की वाटावं कड्याच्या टोकावर उभं राहून कुणी खालच्या दरीला बोलावतंय. “याला मेटल म्हणतात,” अनीश म्हणाला. कपिलनं कॅसेट मागं फिरवून तेच पुन्हा लावलं.

पुढं कपिलनं जुना वॉकमन घेतला, कॅसेटी जमल्या, तसे त्यांचे नंबर लागले. नंबर रोज बदलायचे. एक इच्छा तेवढी बदलत नव्हती: कुणीतरी एकानं आपला पहिला नंबर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावा, मधेच ‘गानं कवा सुरू व्हनार?’ असं न विचारता.

त्याचे वडील धोंडिराम लालासाहेबांच्या खडी क्रशरवर डंपर चालवायचे. मुलाच्या नादातला त्यांना एकच शब्द पाठ होता. “पोरगं काय करतंय?” असं लालासाहेबांनी सहज विचारलं, तेव्हा त्यांनी तो छाती फुगवून वापरला. “मेटलमधी लय खोल गेलंय, मालक. जेवनाची शुद्ध न्हाई. एक नंबरचं कुठलं, तेवढंच ठरवत बसलंय.”

लालासाहेबांची चहाची बशी तोंडाशीच थांबली. खडीला ते जन्मभर मेटलच म्हणत आलेले, आणि रस्त्यावर टाकलेलं त्यांचं मेटल इंजिनियरसाहेबांनी आदल्याच दिवशी नापास केलेलं.

तासाभरात जीप कपिलच्या दारात. “चल गड्या. तुज्यासंगं मेटलवर बोलायचंय.”

कपिलला वाटलं, आपल्याला ऐकू आलं ते चुकीचं. पण लालासाहेब खरंच वाट बघत होते. त्यानं वॉकमन नि कॅसेटी पिशवीत कोंबल्या, आणि पायात आईची चप्पल घालून तो जीपमध्ये बसला.

क्रशर धडधडत होता. खडीच्या ढिगापाशी उभं राहून दोघं एकमेकांच्या कानात ओरडू लागले.

“तुज्या मतानं एक नंबर कुठलं?”

“फिनलंडचं!”

“ही खान न्हाई ऐकली. वाईच्या वरच्या अंगाला का?”

“लय वर, काका. बर्फात!”

“मग टनक असनार!”

“टनक हाय, पर आतून गोड!”

खडीतली गोडी लालासाहेबांना उमगली नाही. पण शिकलेल्या पोरापुढं कशाला अडाणी दिसा? “थर कसं हायेत?”

कपिल त्यांच्याकडं बघतच राहिला. थर! होस्टेलवर एकानं हे विचारलं नव्हतं. “खाली जाड, मधी मध्यम, वर एकदम बारीक. समदं एकमेकांत बसलेलं. कुटं फट न्हाई!”

“आस्संच पायजे!” लालासाहेबांनी मांडीवर थाप मारली. “आन दोन नंबरला?”

“जर्मनीचं. भक्कम हाय, पर मधी जरा ढिलं पडतंय.”

“रोलर कमी फिरला आसंल. बरं, ब्रास किती त्यात?”

कपिल आणखी जवळ सरकला. ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांना ब्रास म्हणतात, हे अनीशलासुद्धा माहीत नव्हतं. आणि हा खडीवाला माणूस! “आठ असत्याल, काका.”

“आठच ब्रास?” लालासाहेब खडी मोजायच्या मापानं हिशेब करत होते. “एवढ्यात तर माझं आंगन बी व्हायचं न्हाई!”

“आठांत आभाळ भरतंय, काका!”

“आन हे आनतोस कसं?”

“पुन्यात एकाकडं येतं. मग आमी त्याच्या धा कॉप्या मारतो!”

“मेटलच्या कॉप्या? कशा?”

नेमकी तेव्हाच लाईट गेली. क्रशर थांबला, धुरळा बसला, आणि त्या शांततेत कपिलचा आवाज टेकडीवर आपटून परत आला: “रिकामी कॅसेट घालायची आन बटन दाबायचं!”

क्रशरच्या पट्ट्यावर काम करणारा आकाराम आधी हसला. “मालक, ते गान्याचं बोलतंय!” मग सगळेच हसले. धोंडिराम डंपरच्या चाकाकडं बघत उभे राहिले.

कपिल हसण्याला इतका लाजला नाही. कुणीतरी विचारलं होतं, आणि ते त्याच्या मेटलबद्दल नव्हतंच, हे लागलं. तो पिशवी उचलून निघाला.

“थांब रं,” लालासाहेब म्हणाले. “लाईट येस्तवर मला तरी काय काम हाय? बगू तुजं एक नंबर.”

त्यांनी पटका काढून हेडफोन चढवला. पहिल्या घणाला दचकले. आकारामला डोळा मारला. मग ताफा सुरू झाला असावा, कारण तो डोळा परत नीट उघडायला विसरला. हळूहळू ते ढिगावर बसले. आता बाई गात असणार, कपिलनं ओळखलं. लालासाहेबांनी मान वर केली होती आणि रिकाम्या आभाळात ते कुणालातरी शोधत होते.

मधेच बल्ब पेटला. “मालक, लाईट आली!” आकाराम बटणाकडं धावला. लालासाहेबांनी नुसता हात वर केला. क्रशर बंदच राहिला. माणसं जागच्या जागी उकिडवी बसली आणि मालकाचं तोंड बघत राहिली.

कॅसेटची बाजू संपली. “एवढी मानसं एकदम वाजवत्यात,” लालासाहेब हलकेच म्हणाले, “आन कुनी कुनाच्या पायात येत न्हाई. कसं जमतंय रं? आन ती बाई कुनाला हाका मारती?”

“ठाव न्हाई, काका. भाषा कळत न्हाई.”

“येत न्हाई पर त्यो. कितीबी बोलवू दे.” त्यांनी डोळे पुसले आणि धुरळ्याला शिवी घातली. “दोन नंबरचं लाव.”

जर्मनीचंही शेवटपर्यंत ऐकलं गेलं. कपिल श्वास रोखून बसलेला.

“चुकलास गड्या,” लालासाहेब हेडफोन उतरवत म्हणाले. “ह्यो पयला. फिनलंड दुसरा.”

“आँ?” कपिल ताडकन उठला. “मधी ढिलं पडतंय ते!”

“ढिलं न्हाई, दम घेतंय. तुला दम कळंना.”

“उगा कायबी बोलू नगासा! तुमाला मेटलमधलं काय कळतंय?”

आकारामच्या हातातलं फावडं पडलं. धोंडिरामनी डोळेच मिटून घेतले. लालासाहेबांनी मात्र बाजूला सरकून खडीवर जागा केली.

“बस हितं,” ते म्हणाले. “आन तीन नंबरचं काढ.”