छत्तीस किलोमीटरचं अक्कलकोट

"ही गाडी आता डोंगर चढेल," असं मानसिंगरावांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, वैजयंतीबाईंनी, शिलाई मशीनवरून मान न उचलता विचारलं, "कुठला?"

प्रश्न रास्त होता. सोलापुरात डोंगर चढायचा म्हटलं तर आधी टाकी भरून डोंगर शोधायला जावं लागतं. मानसिंगरावांची पिकअप गेली आठ वर्षं सोलापूर ते अक्कलकोट अशा ताटासारख्या सपाट रस्त्यावर डाळ, गूळ आणि शेंगाचटणीचे डबे वाहत होती. तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा चढ म्हणजे रेल्वेचा पूल. पण मानसिंगराव महिनाभर रोज जेवण झाल्यावर मोबाइलवर चिखलातनं, दगडधोंड्यांतनं उसळणाऱ्या परदेशी गाड्या बघत होते. आणि माणसानं महिनाभर काहीही बघितलं, की ते त्याला गरजेचं वाटायला लागतं.

सात रस्ता चौकातल्या बसू टायरवाल्यानं त्यांना प्रामाणिकपणे सांगायचा प्रयत्न केला होता. "सायेब, हे टायर लई मोठे हायेत. ॲव्हरेज जरा मागंपुढं होतंय बगा."

मानसिंगरावांनी त्यातलं फक्त 'पुढं' ऐकलं.

टायर चढले आणि गाडी एकदम वयात आल्यासारखी उंच झाली. रुंद, खाचाखाचांचे, मगरीच्या पाठीसारखे चार टायर. गाडी गल्लीत शिरली की पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरतोय असा आवाज यायचा. वैजयंतीबाईंना आत चढण्यासाठी मशीनपुढचं स्टूल बाहेर आणून ठेवावं लागलं. उतरताना ते स्टूल घरी राहिलेलं असायचं, त्यामुळं पहिल्या आठवड्यात त्या दोनदा बाजारात गेल्या आणि दोन्ही वेळा गाडीतच बसून भाजी घेऊन आल्या.

"दाजी, डिझेल किती पिणार हो ही?" हा प्रश्न युवराजचा. युवराज म्हणजे वैजयंतीबाईंचा धाकटा भाऊ. अक्कलकोटला विमा विकायचा, त्यामुळं कुठल्याही गोष्टीत वाईट काय होऊ शकतं हे त्याला तोंडपाठ होतं.

"तेरा देत होती, तेराच देणार," मानसिंगराव म्हणाले.

"लिटरला दहाच्या खाली आली तर?"

"दहा? मिशी उतरवतो."

शिलाई मशीन थांबलं. कारण मिशी म्हणजे मानसिंगरावांची साधी मिशी नव्हती. माढ्याहून त्यांचे वडील जमीन भावांना सोडून सोलापुरात आले, तेव्हा सोबत एवढी एकच गोष्ट आणली होती आणि तीच पुढं मुलाला दिली. बाजारपेठेत निम्म्या लोकांच्या मोबाइलमध्ये त्यांचं नाव 'मिशीवाले पिकअप' असं होतं. उरलेल्या निम्म्यांच्या मोबाइलमध्ये नुसतंच 'मिशी'.

"तीन महिन्यांनी टाकी फुल करून बघू," युवराज म्हणाला. "आणि दहाच्या वर राहिली तर वर्षभर गाडी मी धुतो." जाताना त्यानं ही पैज अख्ख्या अक्कलकोटात सांगायची सोय केली, आणि त्या दिवसापासून स्वतःची मिशी वाढवायला घेतली. उगाच, चिडवायला.

आता यात सिद्धलिंगप्पा आले ते असे. अक्कलकोटच्या व्यापारी मंडळाचे ते अध्यक्ष, आणि मानसिंगरावांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. अप्पांचा कुठल्याही टेंपोवाल्यावर विश्वास नव्हता. भाडं मीटरवर. सोलापूरच्या गोदामातनं निघतानाचा आकडा फोनवर कळवायचा, आणि गाडी अक्कलकोटला पोचली की अप्पा स्वतः काचेला नाक लावून, बॅटरी मारून पोचल्याचा आकडा बघणार. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. पण मीटरच्या बाबतीत ते दोन्ही डोळ्यांनी बघत. इतकी वर्षं मानसिंगरावांचे चाळीस भरायचे. दुसऱ्यांचे बेचाळीस, कुणा धाडशाचे पंचेचाळीसही.

नव्या टायरांवरच्या पहिल्या फेरीला अप्पांनी बॅटरी दोनदा मारली.

"छत्तीस?"

"छत्तीस," मानसिंगराव म्हणाले. त्यांनाही नवल वाटलं होतं, पण कौतुक समोरून येत असताना माणसानं मध्ये पडू नये.

"चाळीसचे छत्तीस कसे झाले हो?"

"सरळ चालवतो, अप्पा. बाकीचे वळणावर वाया घालवतात."

"हौद्री, खरंच की," अप्पा हळूच म्हणाले. "पन्नास वर्षं धंदा करतोय. कमी मोजणारा माणूस पहिल्यांदा बघितला."

पुढच्या फेरीलाही छत्तीस. त्याच्या पुढच्याही. बातमी पसरली. तेलवाले, गूळवाले, बारदानवाले, सगळे मानसिंगरावांची गाडी मागू लागले. गाडीला उसंत मिळेना. मानसिंगराव वारंवार डिझेल भरत होते. पंपावरचा माणूस आता त्यांच्या घरची खुशाली विचारायचा. पण ते खूश होते. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांच्याकडं बघून मिशीखेरीज दुसरं काहीतरी बोलत होते. आणि तिसऱ्या महिन्यात मंडळाचं पत्र आलं: रविवारच्या वार्षिक सभेत 'सचोटीचा वाहनधारक' म्हणून शाल, श्रीफळ, सत्कार.

त्या पत्राला त्यांनी चौकट करून घेतली. सत्कार अजून व्हायचा होता, पण चौकटवाला मोकळा होता.

सत्काराच्या तीन दिवस आधी, गुरुवारी, युवराज पैज मोजायला हजर झाला. टाकी काठोकाठ भरली. अक्कलकोटला दोनदा जाऊन दोनदा आले. पुन्हा काठोकाठ भरली. पंधरा लिटर बसलं. मीटरवर एकशे त्रेचाळीस.

"साडेनऊ," युवराज म्हणाला आणि त्यानं खिशातनं नवं कोरं रेझर काढलं. विमा एजंट तयारीनंच येतो.

घरी मानसिंगराव दारातच बसले. एका हातानं मिशी झाकून.

"दोन फेऱ्यांचे एकशे त्रेचाळीस?" आतून वैजयंतीबाईंचा आवाज आला. "चार वेळा चाळीस म्हणजे एकशे साठ व्हायला पायजेत की."

"आपलं अक्कलकोट छत्तीस हाय," मानसिंगराव म्हणाले. "मी सरळ..."

"माझं माहेर चार किलोमीटर जवळ आलं आणि मला कुणी सांगितलं न्हाय?"

त्या टेप घेऊन बाहेर आल्या. गच्चीवर ठेवलेला जुना टायर त्यांनी युवराजकडनं खाली आणवला. दोन टेप पिनेनं जोडून त्याला गुंडाळल्या, मग नव्याला. ब्लाउज मापताना बोलतात तसं, तोंडात पिन धरून म्हणाल्या, "जुना सत्त्याऐंशी इंच. नवा सत्त्याण्णव."

"मग?" दोघंही म्हणाले.

"मग काय? घेर वाढला की फेरे कमी. परकराचा घेर वाढवला तर काठ जास्त लागतो का न्हाय? तसं एका फेऱ्यात गाडी दहा इंच जास्त जातीय. मीटर बिचारं फेरे मोजतंय, त्याला काय माहीत तुमी चाकं बदलली. गाडी पळाली एकशे साठ. पंधरानं भागा."

युवराजनं मोबाइलवर भागलं. त्याचा चेहरा उतरला. "दहा पूर्णांक सहा."

"तेराची दहा झाली म्हणजे नाक कापलंच," वैजयंतीबाई म्हणाल्या, "पण मिशी वाचली."

मानसिंगरावांनी मिशीवरचा हात काढला आणि तिला पीळ दिला. पीळ अर्ध्यावर आला आणि हात थांबला.

"म्हणजे छत्तीस..."

"टायरची करणी," युवराज म्हणाला. त्याला आता परत रंग चढला होता. "सचोटी टायरची, दाजी. शाल त्यालाच घालावी लागणार."

"तू कुणाला बोलू नको."

"मी न्हाय बोलत. पण गाव विचारणार की. दाजी हरले का जिंकले? जिंकले तर कसे? साडेनऊचे दहा कसे झाले? मिशी दिसली की टेप काढावीच लागणार."

तीन दिवस मानसिंगरावांनी विचार केला. एकीकडं वडिलांची मिशी, दुसरीकडं स्वतःची सचोटी. मिशी खरी होती आणि सचोटी खोटी, तरी निवड सोपी नव्हती. वैजयंतीबाईंचं म्हणणं एकच: "अप्पांना खरं सांगा. त्यांचं काय बुडालंय? बुडालंय ते आपलं."

"तेच तर," मानसिंगराव म्हणाले. "लुबाडणाऱ्याला लोक घाबरतात तरी. स्वतःलाच लुबाडणाऱ्याला काय म्हणतील?"

पैज हरलो म्हणून सांगितलं की टेप निघणार नव्हती. रविवारी सकाळी त्यांनी दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा नाकाखाली एक ओठ निघाला होता. वैजयंतीबाईंनी तो लग्नानंतर पहिल्यांदाच बघितला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "ठीक हाय की."

सभा भरगच्च होती. पहिल्या रांगेत मानसिंगराव, वैजयंतीबाई आणि, गावापुरता जिंकलेला माणूस म्हणून मुद्दाम आलेला, युवराज. तीन महिन्यांत त्याची मिशी चांगलीच भरली होती. अप्पांचं भाषण अर्धा तास चाललं. कमी मोजणाऱ्या माणसाबद्दल बोलताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. मग ते शाल घेऊन खाली उतरले, पहिल्या रांगेवरनं नजर फिरवली, आणि सरळ जाऊन ती युवराजच्या अंगावर घातली.

टाळ्या पडल्या. युवराज उठून उभा राहिला. विमा एजंट आलेली कुठलीही संधी परत पाठवत नाही.

"सांगा की," वैजयंतीबाईंनी कोपरानं ढोसलं.

मानसिंगराव उठले. "अप्पा, मानसिंग मी हाय."

अप्पांनी चष्मा सारखा केला. समोरच्या गुळगुळीत माणसाकडं त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी प्रेमानं, हळू आवाजात म्हणाले, "मानसिंगरावांना मिशी हाय. असं खोटं बोलू नये, बाबा. निदान आजच्या दिवशी तरी."

परत येताना शाल युवराजच्या अंगावर अक्कलकोटातच राहिली होती आणि नारळ वैजयंतीबाईंच्या मांडीवर होता. सोलापूर आलं तेव्हा मीटरवर बरोबर छत्तीस झाले.

सोमवारी मानसिंगराव डाळीची पोती घेऊन नेहमीसारखे अक्कलकोटला गेले. अप्पा बॅटरी घेऊन आले, काचेला नाक लावून आकडा बघितला आणि स्टिअरिंगवरच्या माणसाला म्हणाले, "नवीन ड्रायव्हर का तू? शाबास. मालकाचं नाव राखलंस."