खटक्याची सुट्टी

मामंजींच्या जुन्या पिस्तुलाचा सेफ्टीचा खटका ढिला झाला आणि त्यानं दसऱ्यापर्यंत सुट्टी मागितली.

मागणी रीतसर होती. सकाळच्या चहाला तो म्हणाला, "सुभेदारसाहेब, तुम्ही पलटणीतून घरी आलात तेव्हापासून मी एकच शब्द बोलतोय, नको. आता माझी मान धरत नाही."

मामंजींनी बोटानं हलवून पाहिलं. खरंच लटलट हलत होता. घरात रांगतं पोर, आमची आर्वी, नुकतीच कपाटापर्यंत पोचायला लागलेली. गोळ्या वेगळ्या कुलपात असायच्या, पण या पिस्तुलाचा भरवसा नव्हता. ते शेजारच्या फटाक्यांकडून उसना बार आणायचं.

दस्तगीरचाचा शिकलगारांना बोलावलं. हत्यारं दुरुस्त करणं त्यांच्या घरात पिढ्यांचं. त्यांनी चष्मा पुसला, खटका सोडवला आणि माझ्या सासूबाईंकडं, म्हणजे आत्याबाईंकडं, बघितलं.

"वहिनी, खंडेनवमीला पिस्तुलाला कुंकू कुठं लावता?"

"ह्याच्यावरच की. बरोबर बोट बसतं."

"त्याचं पाऊल टेकायच्या खाचेत कुंकवाचा लाडू झालाय. उभा कसा राहील बिचारा?"

"दर वर्षी सांगतो, नळीला लावा," खटका म्हणाला. "बायकांना हळदीकुंकवात वाण तरी मिळतं."

खाच साफ झाली, पण सुट्टी हक्काची होती. तोवर पिस्तुलाला नको म्हणायला बदली माणूस लागेल, चाचा म्हणाले. असं उघडं पिस्तूल घरात ठेवता येत नाही. मामंजी चालण्यासारखे नव्हते. पलटणीच्या गोष्टीत रमले की ते कशालाही हो म्हणतात. आमच्या ह्यांना तर नाही म्हणताच येत नाही, म्हणून आमची शिडी गेल्या दिवाळीपासून गावभर फिरत होती.

तेवढ्यात आर्वी तेलाच्या वाटीकडं निघाली. मी ओरडले, "नको!"

चाचांचा पेचकस थांबला. मामंजींचा कप थांबला. पिस्तूल अंग चोरून बसलं.

"झालं काम," चाचा म्हणाले. "सूनबाईला घ्या."

"आणि माझ्या पोरीकडं कोण बघणार?" मी विचारलं. "मी पिस्तुलाला नको म्हणत बसले आणि हिनं भलतंच काही तोंडात घातलं तर?"

शेवटी ठरलं, की सुट्टीत खटक्यानं पाळण्याच्या दोरीवर बसून आर्वीला सांभाळायचं. खटका मीच बांधला, तिचा हात पोचणार नाही असा उंच. गाठ पुन्हा पुन्हा ओढून पाहिली.

भाकरी थापताना कपाटातून पिस्तुलाचा आवाज यायचा, "जरा?"

"नको."

धुणं वाळत घालताना, "एवढंसंच?"

"नको."

तिकडं पाळण्यावरून खटका आर्वीला तेच सांगत असायचा. हे वैतागले. "घरात दुसरा शब्दच उरला नाही."

"मग तुम्ही पण शिका, आणि शिडी आणा," मी म्हणाले.

खंडेनवमीपर्यंत माझा आवाज पार बसला. पूजेला पिस्तूल पाटावर मांडलं. समोर आर्वी बसली. मामंजींनी झेंडूचं फूल वाहिलं, तसं पिस्तूल लाडात आलं.

"आज सण आहे. आज तरी?"

"सण तर आहे खरा," मामंजी विरघळले.

मी तोंड उघडलं. नुसता वारा बाहेर पडला. पिस्तूल आनंदानं गर्रकन फिरलं आणि नळी आर्वीसमोर येऊन थांबली. मी हातातलं ताम्हण टाकून धावले.

आर्वीनं पाटावरचं फूल उचललं, नळीकडं बघितलं आणि म्हणाली, "नको."

पिस्तुलानं नळी खाली घातली.

"अगं बाई, बोलली! पहिला शब्द!" आत्याबाईंनी तिला उचलून मुक्यांनी भिजवलं. हे अंगणभर सांगत सुटले. मी पाटाशीच बसले, रडत होते की हसत होते कुणास ठाऊक.

"मी शिकवलाय," दोरीवरून खटका म्हणाला.

दसऱ्याला तो कामावर हजर झाला. टक् करून बसला, मान ताठ. कुंकू आता नळीला लावतात. रविवारची सुट्टी मात्र त्यानं मागून घेतली आहे, त्या दिवशी नको म्हणायला आर्वी असते.

मागच्या रविवारी शेजारचे नाना पुन्हा शिडी मागायला आले. ह्यांनी आर्वीला कडेवर घेतलं आणि दार उघडलं.

शिडी आता घरीच असते.